आत्यालाच खोकला आहे

बापूच्या नातवाचं बारसं रविवारी. पेढे वाटून झाले आणि बापू सहज बोलून गेला, "सूनबाईनं ग्रुपवर टाकलंय, सर्दी-खोकला असेल त्यांनी येऊ नये." झालं. मेडिकलच्या पायरीवरचा आमचा कट्टा पेटला.

"मग बारसं करूच नका," नान्या म्हणाला. "पाऊस सुरू झालाय, अर्ध्या पुण्याचं नाक गळतंय. येणार कोण?"

"प्रश्न येणाऱ्यांचा नाहीये रे," बापू कुजबुजला. "आमच्या सुमीलाच खोकला आहे. चार दिवस झाले."

सुमी म्हणजे बापूची लेक, बाळाची आत्या. बाळाच्या कानाला तोंड लावून कुर्र करायचा मान तिचाच! लेक आणि सून यांच्या मधोमध बापू सापडलेला.

मास्तर सरसावले. "आमच्या वेळी बाळंतिणीच्या खोलीत कुणी भसकन शिरायचं नाही. सोयर होतं. त्याला तुम्ही हसलात. तेच सुनेनं मोबाइलवर सांगितलं की शास्त्रीय!"

"मास्तर, सोयर दहा दिवसांचं," मेडिकलवाला काउंटरवरून ओरडला. "बाराव्या दिवशी तेच बाळ चाळीस जणांच्या मांडीवरून फिरतं, त्याचं काय?"

मास्तरांकडे उत्तर नव्हतं, म्हणून ते विषय बदलून २००९ मध्ये शिरले. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला तो ऑगस्ट, शाळा बंद, नायडू हॉस्पिटलबाहेरची रांग, मास्क संपले म्हणून तोंडाला बांधलेले रुमाल. "तेव्हा खोकणाऱ्याला घरी बस म्हणायला कुणी लाजत नव्हतं."

"तेव्हा भीती होती," मेडिकलवाला म्हणाला. "आणि तो विषाणू कुठं गेलाय? दरवर्षीच्या फ्लूमध्ये तोही असतो. आपल्याकडे एक लाट पावसाळ्यात, एक थंडीत. लस एप्रिल-मेमध्येच घ्यायला हवी. बापू, तुम्हाला शुगर आहे, मी दोनदा सांगितलं होतं."

"दीड-दोन हजारांचं इंजेक्शन, तेही दरवर्षी?"

"बाळाला सहा महिन्यांपर्यंत फ्लूची लस देताच येत नाही. म्हणजे आजी-आजोबांनी घ्यायची. सूनबाईंनी गरोदरपणात घेतली असती तर आईकडून बाळालाही थोडं संरक्षण मिळालं असतं. आज घेतलीत तरी अंगी लागायला पंधरा दिवस जातात, रविवारला उपयोग नाही. आणि फ्लू एकटा थोडाच आहे? आरएसव्ही नावाचा दुसरा विषाणू आहे. सुमीताईंना तो झाला तर चार दिवस नाक वाहील. तान्ह्याच्या श्वासनळ्याच एवढ्याशा, जरा सूज आली, चिकटा साठला की दम लागतो."

नान्याला तोडगा सुचला. "सुमीला ॲझिथ्रोचा कोर्स दे. रविवारपर्यंत मोकळी."

"विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. आणि चिठ्ठीशिवाय मी देत नाही."

"परवा मला दिलंस की!"

मेडिकलवाला एकदम बिलं तपासू लागला.

बापूची बाजू अशी, की घरात काळजी कमी घेत नाहीत. दोन वेळा शेक, ओवा-बाळंतशेपा-लसणीच्या सालींची धुरी, खिडक्या गच्च बंद, उशाशी कापराची पुरचुंडी. मास्तर माना डोलवत होते. इथं मात्र मी मेडिकलवाल्याच्या बाजूनं उतरलो. धुरानं त्या कोवळ्या छातीला त्रासच होतो, कापूर तान्ह्या बाळाला बाधतो, झटकेसुद्धा येऊ शकतात. आणि बंद खोलीत एक जण खोकला तर सगळे तीच हवा घेतात. बाळाला वारा न लागेल अशी एखादी खिडकी उघडी ठेवायला काय जातं? धुरीवरून मास्तर माझ्यावर उखडले ते उखडलेच.

सुनेचा मेसेज मला पटला होता. फक्त तो ग्रुपवर गेला, म्हणजे कुणालाच लागू नाही. आपल्याकडे स्वतःच्या सर्दीला सर्दी म्हणायची पद्धत नाही. ती धुळीची ॲलर्जी असते, एसीची असते, काल दही खाल्लं त्याची असते. शिवाय फ्लू ताप यायच्या आदल्या दिवसापासून पसरतो. ठणठणीत पाहुण्यांनाही हात धुवूनच बाळाजवळ जाऊ द्यावं आणि पापे घेणं बंद, हे दारातच कुणीतरी सांगायला हवं.

"ते कोण सांगणार?" बापू. "माझे मेहुणे?"

कुणी बोललं नाही. मेडिकलवाल्यानं मात्र बापूचा मोबाइल घेतला, स्टॉपवॉच लावून दाखवलं. बाळ शांत असताना पोटाकडे बघायचं, पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त भरले, फासळ्यांखाली छाती जोरानं आत ओढली जायला लागली, दूध ओढेना झालं किंवा ताप आला, तर डॉक्टरकडे लगेच निघायचं, सकाळची वाट बघायची नाही. बापूनं ते दोनदा वदवून घेतलं. त्या पंधरा मिनिटांत आमच्या कट्ट्यावर कामाचं तेवढं हेच झालं असेल.

"पण सुमीचं काय?"

"मास्क लावून कुर्र करेल," नान्या.

"खोकला येतोय तोवर तिनं खोलीतच जायला नको," मी म्हणालो.

आणि मग मास्तरच म्हणाले, अजून धुरीचा राग नाकावर ठेवूनच, "बारसं बाराव्याच दिवशी असं कुठाय? सव्वा महिन्यानं करतात, तिसऱ्या महिन्यात करतात. आत्या बरी झाली की करा. मान तिचाच राहतो."

बापूचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "बासुंदीचा ॲडव्हान्स दिलाय."

"तारीख बदलून देईल तो. फोन लाव."

बापूनं फोन लावला. आधी केटररला. लेकीला लावायचं धाडस त्याला होईना. ते काम वहिनींवर सोपवायचं ठरवून तो उरलेले पेढे घेऊन घरी गेला.