‘ती बाई पर्वती चढते म्हणे!’ : एका दिराच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुम्ही नाव दिलेलं नाही, खाली ‘एक दीर’ एवढंच लिहिलंय, म्हणून मीही नावाच्या भानगडीत पडत नाही. आजारपणानंतर पुन्हा पर्वती चढले, त्यावर मी लिहिलेल्या लेखाबद्दल तुम्ही मला चांगलंच सुनावलं आहे. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. यांच्या वहिनींना गेल्या वर्षी डर्मॅटोमायोसायटिस निघाला, म्हणजे माझाच आजार. यात स्नायूंना सूज येऊन ताकद जाते आणि त्वचेवर पुरळ उठतं. माझा लेख त्यांच्या घरच्या ग्रुपवर फिरला आणि तेव्हापासून सासूबाई येता-जाता ऐकवतात, “ती बाई पर्वती चढते, तुला एक जिना होत नाही?” दिरांचं म्हणणं असं की, असे लेख लिहिणं बेजबाबदारपणाचं आहे, या आजारात व्यायामाने स्नायू आणखी झिजतात असं त्यांचे डॉक्टर सांगतात, आणि सुहानी भटनागरसारखी १९ वर्षांची अभिनेत्री याच आजाराने गेली, तिचा साधा उल्लेखही न करता मी गोड गोड चित्र रंगवते.

सगळ्याला उत्तर देणार आहे. पण आधी तुमच्या एका वाक्याबद्दल. ‘चेहरा फार सुजला म्हणून स्टिरॉइड आम्हीच निम्मं केलंय,’ असं तुम्ही जाता जाता लिहून गेलात. ते वाचल्यावर बाकीचा वाद मला बाजूला ठेवावासा वाटला.

स्टिरॉइड बरेच आठवडे पोटात जात राहिलं की मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी सुस्तावतात आणि शरीराला लागणारं कॉर्टिसोल पुरेसं बनवेनाशा होतात. गोळी अचानक बंद केली किंवा फार भरभर उतरवली तर उलट्या, चक्कर, बीपी खाली जाणं, गळून जाणं, असं होऊ शकतं, आणि ते जिवावरही बेततं. शिवाय दबलेला आजार उसळी मारतो तो वेगळाच. म्हणून डॉक्टर डोस थोडा थोडा उतरवतात, मध्ये रक्त तपासतात, पुन्हा उतरवतात. चेहऱ्याचं म्हणाल, तर माहेरच्या एका लग्नात माझ्या सख्ख्या मावशीने मला ओळखलं नव्हतं. वाईट वाटतंच. पण डोस उतरत गेला तसा चेहराही उतरला. स्टिरॉइड लवकर कमी करता यावं यासाठीच तर मेथोट्रेक्सेट, ॲझाथायोप्रिन, मायकोफिनोलेट अशी दुसरी औषधं जोडीला देतात. त्यांचा गुण यायला आठवडे, कधी महिने लागतात, आणि नेमका तोच काळ माणसाला भारी जातो. वहिनींना मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. घरात कुणी ‘रोजच्या गोळ्यांत’ ती टाकत नाही ना, हेही बघा. ही चूक माणसं दगावण्याइतकी महागात पडते.

तेव्हा उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून स्टिरॉइड किती कमी केलंय आणि कधीपासून, ते स्पष्ट सांगा. ओरडा खावा लागला तर खा.

आता व्यायामाचं. ‘स्नायू झिजतात’ हे तुमच्या डॉक्टरांनी हवेतून काढलेलं नाही. कित्येक वर्षं या आजारात विश्रांतीच सांगायचे. स्नायूंना आधीच सूज, त्यात कष्ट दिले तर सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारा घटक, आणखी चढेल, ही भीती होती. मग नव्वदच्या दशकात लोकांनी ते तपासून बघायला घेतलं. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का या वैद्यकीय संस्थेत हेलेने अलेक्झांडरसन या फिजिओथेरपिस्टने आणि तिच्या सहकाऱ्यांनी रुग्णांना घरी करायचा साधा व्यायाम दिला. हातपाय, मान, पोट-पाठ यांचे प्रकार आणि थोडं चालणं, आठवड्यातून पाच दिवस, १२ आठवडे. १९९९ साली जुन्या, स्थिरावलेल्या रुग्णांचे निष्कर्ष आले आणि २००० साली नुकत्याच निदान झालेल्यांचे. रुग्ण मोजकेच होते, पण ताकद वाढली आणि स्नायूंची सूज वाढल्याचं दिसलं नाही. त्यानंतर इतरांनीही तेच पाहिलं. आज मायोसायटिसच्या, म्हणजे स्नायूंना सूज येणाऱ्या अशा आजारांच्या, उपचारात औषधाच्या जोडीने व्यायाम धरला जातो. मग तुमचे डॉक्टर जुन्या वळणाचे आहेत, की वहिनींच्या बाबतीत खास काही कारण आहे? ते त्यांनाच विचारा. खास कारण असूही शकतं. फुफ्फुसं किंवा हृदय यांत सापडलं असेल, तर हिशोबच बदलतो.

पण ‘व्यायाम’ म्हणजे काय, इथे आपलं गाडं अडतंय असं मला वाटतं. या आजारात मांड्या, कंबर, खांदे, म्हणजे धडाजवळचे स्नायू आधी जातात. बोटं ठीक चालतात, पेन धरता येतं, भाजी चिरता येते, त्यामुळे बघणाऱ्याला बाई धडधाकट दिसते. आणि तीच बाई वेणी घालताना अर्ध्यात हात खाली टाकते. मला खुर्चीतून हात न टेकता उठता येत नव्हतं. माझ्या फिजिओने काय केलं, तर खुर्चीवर दोन जाड उशा ठेवल्या. इतक्या उंचीवरून मला उठता यायचं. पाय खांद्याइतके फाकवायचे, नाक गुडघ्यांच्या पुढे आणायचं, मग उठायचं, आणि बसताना धप्पकन न बसता सावकाश बसायचं. सावकाश बसणं हे उठण्याइतकंच कठीण, मांड्या लटलट कापायच्या. ते जमायला लागल्यावर तिने एक उशी काढली. दोन्ही उशा निघाल्या तेव्हा मी तिच्यासमोर रडले, आणि ती म्हणाली, आता चौरंग आणा. जमिनीवरून उठणं अगदी शेवटी आलं. हळदीकुंकवाला मी तेव्हाही खुर्चीतच बसायचे, आणि कोण काय म्हणतं ते ऐकून घ्यायचे.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या या सगळ्यानंतरच्या. आणि उशांचा हा उद्योगही औषधांनी सीपीके खाली आणल्यावरचा. सूज भरात असताना मी पलंगावर कूस बदलायलाही हाक मारत होते. तेव्हा मला कुणी ‘मनावर घे’ म्हटलं असतं तर काय घेणार होते मनावर? लेखात हा क्रम मी दिला होता, आधी गोळ्या, मग उशा, मग पायऱ्या. तुमच्या ग्रुपवर फक्त पायऱ्यांचा फोटो फिरला.

म्हणून सासूबाईंच्या बोलण्याचा मला राग आला, तुमच्याहून जास्तच. यात जिद्दीचा भाग फार थोडा असतो. माझ्याइतकीच जिद्द असलेल्या बायका मी ओपीडीत पाहिल्यात, ज्यांना पहिलं औषध लागू पडलं नाही, दुसरंही नाही, मग आयव्हीआयजी किंवा रिटुक्झिमॅब अशा शिरेतून द्यायच्या औषधांपर्यंत जावं लागलं. आयव्हीआयजीचा खर्च ऐकून घरी परत गेलेलेही पाहिलेत. मला पहिलंच औषध लागू पडलं. याला नशीब म्हणा, माझी ना नाही. पण ज्याची आग विझली त्याने घर कसं सावरलं हे लिहूच नये, हे मला पटत नाही. निदान झालं तेव्हा मी मराठीत शोधत होते ते एवढंच, की पुढे माणूस कसं जगतं. मिळाले ते पुरळाचे भयंकर फोटो आणि जडीबुटीच्या जाहिराती. लेख मी काढणार नाही.

सुहानीबद्दल. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती गेली. फुफ्फुसांत पाणी झालं होतं, असं तिच्या वडिलांनी सांगितल्याच्या बातम्या होत्या. तिच्या उपचारांबद्दल दुरून बोलण्याचा मला अधिकार नाही. पण त्या बातम्यांनंतर ‘स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती जाते’ हे वाक्य घराघरांत पोचलं, आणि मला वाटतं तुमच्या घरातली निम्मी गोळी तिथूनच आली. वाक्य खोटं नाही. म्हणून तर ही औषधं घेणाऱ्याने ताप अंगावर काढायचा नसतो, आपल्याकडे टीबी आहे का ते आधी बघून घेतात, कुठल्या लशी घ्यायच्या आणि कुठल्या टाळायच्या हे विचारावं लागतं. पण स्टिरॉइड येण्याआधीच्या काळात या आजाराचे निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावायचे, हेही वैद्यकाच्या पुस्तकांत असतं.

तुम्ही शेवटी विचारलंय, ‘मग आम्ही करायचं तरी काय?’ हे वाक्य मला रागाचं वाटलं नाही.

रोज लागणारे डबे वरच्या फळीवरून ओट्यावर आणा. कमोडवर उंच सीट बसवून घ्या, मेडिकलवाल्याकडे मिळते. पाच लिटरचा कुकर वहिनींनी उचलायचा नाही. घरकाम हाच व्यायाम, असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. मोरीतून भरलेली बादली आणणं आणि खुर्चीतून मोजून उठणं यात फरक आहे. एकात थकवा किती आला हे बघून थांबता येतं, दुसऱ्यात बादली अर्ध्या वाटेत सोडता येत नाही. गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालायला त्यांना पाठवू नका, उन्हाने पुरळ चढतं. आणि फिजिओकडे जाताना एकदा सासूबाईंना बरोबर न्या. माझ्या सासूबाई आल्या होत्या. मी उशीवरून उठताना त्यांनी नकळत माझा दंड धरला, आणि त्यानंतर घरात जिन्याचा विषय निघाला नाही.

ताकद घटतेय की वाढतेय हे चेहऱ्यावरून ठरवू नका. सीपीके वाढून ताकद गेली तर आजार डोकं वर काढतोय असा संशय घेतात. सीपीके ठीक असून मांड्या बारीक होत असतील तर कधी कधी खुद्द स्टिरॉइडच स्नायू खात असतं, आणि तेव्हा डॉक्टरच डोस उतरवतात. तुम्ही परस्पर निम्मं केलंत तर यातलं काय चाललंय हे त्यांना ओळखणं अवघड जाईल.

एक काम मात्र उद्यावर टाकू नका. जेवताना ठसका लागतो का, पाणी नाकात येतं का, सपाट झोपलं की धाप लागते का, हे वहिनींना आज रात्रीच विचारा. यातलं एकही ‘हो’ असेल तर फोनवर भागवू नका, त्यांना घेऊन थेट दवाखाना गाठा. त्या आपणहून सांगणार नाहीत, मीही सांगितलं नव्हतं.