आरसा कसला, काका?

परवा आमच्या ऐरोलीच्या सोसायटी ग्रुपवर एका काकांनी एक फॉरवर्ड टाकला, तोच मग ऑफिसच्या आणि शाळेच्या ग्रुपवरपण आला. म्हणे जाहिरात समाजाचा आरसा असते तिला दोष देऊ नका, बायकोवर हात टाकणारे शंभरात चार-दोन, आम्हा चांगल्या पुरुषांचा त्यात संबंध काय, उलट हल्ली जाहिरातीत पुरुषांनाच बावळट दाखवतात. खाली सतरा अंगठे.

काका, तुमचा मान ठेवून बोलतो. कंपन्या एवढे पैसे ओततात ते आपण घरातली पावडर बदलावी म्हणूनच ना? मग तीस सेकंदात पावडर बदलते आणि डोक्यावर काहीच परिणाम होत नाही, हे कसं? २०२२ च्या जूनमधली लेयर शॉट डिओची जाहिरात आठवा. दुकानात चार पोरं, एकटी मुलगी, मागून डबल मिनिंग बोलणं, ती दचकून वळते आणि मग कळतं की विषय बाटलीचा होता. शेवटी माहिती-प्रसारण मंत्रालयाने ट्विटर आणि यूट्यूबला ती काढायला सांगितली. रात्री साडेदहाच्या ठाणे-वाशी लोकलने येणाऱ्या कुठल्याही मुलीला विचारा तिला त्यात हसू आलं का.

बावळट पुरुषाचं मात्र मला पटतं. ते चूकच आहे, पण नवऱ्याला कुकर लावता येत नाही असं दाखवलं की काम परत बाईच्याच गळ्यात पडतं, म्हणजे ती जुनीच जाहिरात झाली.

आता चार-दोन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी जवळपास २९ टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलंय, आपल्या महाराष्ट्रात चारातली एक. त्याच सर्वेक्षणात ४४ टक्के पुरुषांना निदान एखाद्या कारणासाठी बायकोला मारणं योग्य वाटतं आणि बायकांमध्येही आकडा साधारण तेवढाच, इतकं हे मुरलंय.

आणि संबंध काय म्हणता? १९९१ साली पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी पेपरात छोटी जाहिरात दिली होती, बायकोला मारणं ज्यांना मान्य नाही असे पुरुष हवेत म्हणून. २०५ जणांनी उत्तर दिलं आणि त्यातून १९९३ मध्ये मुंबईत 'मावा' ही पुरुषांची संघटना उभी राहिली. २००८ ची 'बेल बजाओ' पण जाहिरातच, शेजारचा आरडाओरडा ऐकून माणूस जातो आणि काहीतरी निमित्त काढून बेल वाजवतो.

मी कोपरखैरण्याला रो-हाऊसमध्ये राहायचो तेव्हा भिंतीपलीकडे दर शनिवारी भांडी आपटायची, शेजारची बाई रडायची आणि मी टीव्हीचा आवाज वाढवायचो, त्यांच्या घरातलं आहे म्हणून. बायको सांगून दमली तेव्हा एकदा गेलो आणि पाना मागितला. त्याने दार उघडलं, नाही म्हणाला, ती मागे भिंतीला टेकून उभी होती. त्या रात्री आवाज थांबला, फक्त त्या रात्री. घरातल्या मारहाणीविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने शेजारीसुद्धा त्यासाठीच नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो आणि चांगल्या हेतूने कळवलं तर त्याच्यावर काही येत नाही, हे मला फार उशिरा कळलं, तोवर ते लोक घर सोडून गेले होते.

आपल्या विंगमध्येपण असे आवाज येतात, अंगठा देणाऱ्या सतरातल्या निम्म्यांना ते ऐकू येत असणार. या वेळी मी टीव्ही मोठा करणार नाही. सोबत यायचं असेल तर मला पर्सनलवर कळवा, ग्रुपवर कुणाच्या घराचं नाव घेऊ नका.