रातकिड्याच्या तंगडीबद्दल

ताई, नमस्कार.

उत्तराला चार दिवस लागले, कारण वरवरचं काही लिहून मोकळं व्हायचं नव्हतं. कोळ्यांची आणि विंचवांची पिल्लं घरी वाढवण्यावरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप तीन आहेत. टॅरँटुलाची, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्यांची, नखाएवढी पिल्लं विकत घ्यायला सांगून मी लोकांना स्वस्ताच्या नादी लावतो आणि त्यातले कितीतरी मरतात. रातकिड्याची तंगडी तोडून पिल्लाला घालणं हे क्रौर्य आहे. आणि ज्या कोकणात विंचू चावून पोरं दगावली, तिथला माणूस इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये बसून विंचवाची पिल्लं वाढवायचे धडे देतो.

आधी कोकणाचं सांगतो. माझं आजोळ महाडजवळचं. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध द्यायला सुरुवात केली त्याआधीच्या गोष्टी आजीच्या तोंडून ऐकतच मोठा झालो. चप्पल झटकून पायात घालायची सवय इथेही सुटलेली नाही. आपला लाल विंचू ज्या कुळातला, त्या कुळातले विंचू ब्रिटनमध्ये 1976 च्या धोकादायक वन्यप्राणी कायद्यामुळे परवान्याशिवाय पाळता येत नाहीत आणि मी ते पाळत नाही. मी लिहितो ते इंगळीच्या जातीच्या, जाड चिमट्यांच्या काळ्या विंचवांबद्दल.

आता पिल्लांचं. पूर्ण वाढलेली मादीच घ्यावी, असं तुम्ही सुचवता. मला नेमकं तेच नको आहे. टॅरँटुलाची मादी वाढायला वर्षानुवर्षं लागतात. इतकी वर्षं पोसण्यापेक्षा जंगलातून उकरून आणणं विकणाऱ्याला सोपं पडतं, आणि विक्रीच्या टेबलावर ठेवलेली मोठी मादी कुठून आली हे तिच्याकडे बघून कळत नाही. निळा पोसिलोथेरिया हा टॅरँटुला आंध्रातल्या जंगलाच्या एका छोट्याशा तुकड्यात उरलाय. हौशी लोकांनी त्याच्यावर काय संकट आणलं हे आपण विसरता कामा नये. सेंटिमीटरभर पिल्लू मात्र बहुतेकदा कुणाच्या तरी घरच्या अंड्यांच्या कोषातून निघालेलं असतं. जंगलातून धरून आणलेल्या गाभण मादीचंही असू शकतं, म्हणून आई कुणाकडची आणि कोष कधीचा हे विचारायचंच. उत्तर देताना विकणारा अडखळला तर घ्यायचं नाही.

पिल्लं मरतात, हे खरं आहे. माझंही मेलं आहे, आणि माझ्याच चुकीने. खात नाही म्हणून मी डबीत जिवंत रातकिडा तसाच ठेवून झोपलो. ते खात नव्हतं कारण कात टाकायला आलं होतं. पोट तुकतुकीत आणि काळपट झालेलं मला दिसत होतं, पण अर्थ कळला नव्हता. सकाळी पाहिलं तर नव्या कातडीतलं मऊ पिल्लू रातकिड्याने कुरतडलेलं. कात टाकल्यावर सुळे आधी पांढरे असतात, मग लालसर, मग काळे. ते काळे होईपर्यंत डबीत खाणं टाकायचंच नाही, पाण्याचा थेंब तेवढा द्यायचा. एरवीही न खाल्लेलं खाणं दुसऱ्या दिवशी काढून टाकायचं.

म्हणूनच तंगडी. पिल्लाच्या पोटापेक्षा मोठं जिवंत काही घालायचं नाही, आणि तेवढा बारीक किडा दर वेळी मिळत नाही. न उडणाऱ्या फळमाश्या मिळाल्या तर उत्तम. नाहीतर रातकिड्याची मागची जाड तंगडी. पिल्लू पुढच्या पायांनी ती चाचपतं, थबकतं, मग एकदम ओढून घेतं आणि तासन् तास तिच्यावर चिकटून बसतं. उरतो तो मोहरीएवढा कोरडा चोथा.

पण तुमचा मुद्दा खरा आहे, ताई. रातकिडा आधी मारा, असं मी लिहिलंच नव्हतं. जिवंत किड्याची तंगडी तोडणं मलाही मान्य नाही. आधी चिमट्याने त्याचं डोकं दाबून एका क्षणात मारायचा, मग तंगडी काढायची. लेखात ती दुरुस्ती केली आहे. इंग्लंडमधला प्राणिकल्याण कायदा कोळ्याला, विंचवाला किंवा रातकिड्याला लागू नाही, तो पाठीचा कणा असलेल्यांपुरता आहे. म्हणजे इथे आपल्याला अडवणारं कुणी नाही, आणि म्हणूनच तुमच्यासारखं कुणीतरी विचारायला हवं.

विंचवाच्या पिल्लांचं थोडक्यात. ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ म्हणतो ते शब्दशः खरं आहे: पांढरी, मऊ पिल्लं पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवरून उतरत नाहीत आणि तोवर खातही नाहीत. अशी पांढरी पिल्लं विकायला काढणाऱ्याकडून काहीच घेऊ नका.

तुमचा भाचा पुण्यात ऑनलाइन कोळी मागवतोय, त्याला काय सांगू, असं तुम्ही शेवटी विचारलंत. नको म्हणून सांगा. भारत-श्रीलंकेतले पोसिलोथेरिया 2019 मध्ये साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या यादीत गेले, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर त्या यादीतले प्राणी आपल्या वन्यजीव कायद्याच्याही कक्षेत आले. कुरियरच्या डब्यातून आलेल्या कोळ्याबरोबर कागदपत्रं येणार नाहीत. त्यापेक्षा पावसाळ्यात जाणत्या माणसाबरोबर त्याला सह्याद्रीत पाठवा. मातीच्या दरडींत बिळं करून राहणारे आपले टॅरँटुला रात्री बिळाच्या तोंडाशी येऊन बसतात. बॅटरी लांबूनच धरायची, आणि बिळात काडी घालायची नाही.