'रेअर कलर'चे जादा पैसे नेमके कशाचे?

नाशिकच्या पेट ग्रुपांवर हल्ली 'सिल्व्हर लॅब'चा, म्हणजे राखाडी लॅब्राडोर कुत्र्यांचा, सुकाळ झालाय. राखाडी अंग, फिकट डोळे, खाली 'रेअर कलर, टाइमपास करणाऱ्यांनी मेसेज करू नये' आणि किंमत साध्या पिवळ्या लॅबच्या दुप्पट. माझं स्पष्ट मत: रंगासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

लॅब्राडोरचे मान्य रंग तीनच. काळा, पिवळा, चॉकलेट. सिल्व्हर म्हणजे रंग फिका करणारं जनुक आई आणि बाप दोघांकडूनही मिळालेला चॉकलेट लॅब. हे जनुक वायमरानर या राखाडी जातीच्या कुत्र्यांमधून शिरलं असा अनेकांचा संशय आहे, विकणारे अर्थातच कानांवर हात ठेवतात. ते जाऊ द्या. अशा फिक्या रंगाच्या काही कुत्र्यांचे केस मोठं होता होता विरळ होतात, त्वचेचं दुखणं मागे लागतं, आणि त्यावर कायमचा इलाज नाही. अमेरिकेत सिल्व्हर पिल्लांची नोंद 'चॉकलेट' म्हणून होते. म्हणजे 'पेपर्स आहेत ना' एवढ्यावर भागत नाही.

पण खरा राग आहे तो मर्लवर. निळसर अंगावर काळे तुकडे, दिसायला देखणंच. ऑस्ट्रेलियन शेफर्ड, कोली यांच्यात हा रंग पूर्वापार आहे. फ्रेंच बुलडॉगमध्ये नाही, तरी 'मर्ल फ्रेंची' जोरात विकले जातात. दोन मर्ल एकमेकांना लावले तर सरासरी चारातल्या एका पिल्लाला ते जनुक दोन्हीकडून येतं. अशी पिल्लं बहुतेक पांढरी असतात आणि त्यांतली बरीच बहिरी, आंधळी किंवा दोन्ही निघतात. त्यात काही कुत्र्यांच्या अंगावर मर्ल दिसतच नाही, डीएनए टेस्टशिवाय कळत नाही. टेस्ट न करता जोडी लावणाऱ्याला ब्रीडर म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा.

गंमत म्हणजे याच ग्रुपांवर लॅबच्या छातीवर पांढरा ठिपका दिसला की 'क्रॉस दिसतोय' म्हणून नाकं मुरडतात! अहो, छोटा ठिपका जातीच्या स्टँडर्डमध्येही (अधिकृत वर्णनातही) चालतो. पांढरा जर्मन शेफर्ड शोमधून बाद होतो, पण त्याच पांढऱ्यांपासून झालेल्या स्विस शेफर्डला एफसीआय या कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2011 मध्ये कायमची मान्यता दिली. कुत्रा तोच, फक्त रकाना बदलला.

घ्यायचंच असेल तर पिल्लाची आई स्वतः जाऊन बघा. 'मादी गावाला आहे' ऐकलं की गाडी वळवा. 2017 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. हे विचारलं की निम्मे 'रेअर कलर'वाले रिप्लाय देणंच बंद करतात, करून बघा.

आणि हो, ठिपक्यामुळे कुणी नाकारलेलं लॅबचं पिल्लू असेल तर इनबॉक्स करा. सिडकोतल्या मावशीला हवंय, रंगाची अट नाही.