सातबारा सातासमुद्रापार

वकीलसाहेब, नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात बांध कोरल्याचे दावे अजून किती वर्षं चालवणार? पक्षकार फीऐवजी द्राक्षांची पेटी ठेवतो आणि वर ऐकवतो, “एक्स्पोर्टचा माल आहे, साहेब.” एक्स्पोर्टच करायचं तर मालकी करा. परदेशी ट्रस्टच्या धंद्यात या.

ट्रस्ट म्हटलं की नाशिककराला देवस्थान आठवतं, धर्मादाय आयुक्त आठवतात. ते विसरा. इथे धनिक आपली मालमत्ता इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरच्या विश्वस्ताच्या स्वाधीन करतो आणि हात झटकतो: आता माझं काही नाही. मग त्याच विश्वस्ताला आपल्या इच्छा कळवणारं पत्र लिहितो. ते पाळायचं कायदेशीर बंधन नसतं. विश्वस्त ते पोथीसारखं वाचतो एवढंच. शिवाय विश्वस्ताला बदलू शकणारा एक ‘प्रोटेक्टर’ नेमता येतो. तो बऱ्याचदा धनिकाच्याच ओळखीतला.

तुम्ही म्हणाल, हे तर आपण मेहुण्याच्या नावावर करतो. छे! मेहुण्याच्या नावावर गंगापूर रोडला प्लॉट घेतला तर ते बेनामी. २०१६च्या दुरुस्तीनंतर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. मेहुणा जर्सीचा असेल आणि दरवर्षी बिल पाठवत असेल, तर ते ‘वेल्थ प्लॅनिंग’.

घेणेकरी मागे लागलाय? पॅसिफिकमधली कुक बेटं गाठा. तिथे परदेशी कोर्टाचा हुकूमनामा ट्रस्टला लागू होत नाही. फसवणुकीचा हेतू घेणेकऱ्यालाच सिद्ध करावा लागतो, तोही खुनाच्या खटल्यात लागतो तसा, निःसंशय. उसनवारीच्या दाव्यात खुनाचा पुरावा! हे वाचून ज्या वकिलाच्या तोंडाला पाणी सुटत नाही, त्याने नोटरी करत बसावं.

जागेची चिंता नको. कॅरिबियनमधल्या केमन बेटांवरच्या युग्लंड हाउस नावाच्या इमारतीत २००८ साली १८,८५७ कंपन्या नोंदलेल्या होत्या. आपल्याकडे बारा फ्लॅटच्या सोसायटीत पाण्यावरून मारामाऱ्या होतात.

धोका? आहे थोडा. २०१६ साली पनामातल्या, अशाच परदेशी कंपन्या काढून देणाऱ्या मोसॅक फोन्सेका या वकिली फर्मची सुमारे १.१५ कोटी कागदपत्रं फुटली आणि २०१८मध्ये फर्म बंद पडली. पण २०२४मध्ये तिथल्या कोर्टाने सगळे २८ आरोपी निर्दोष सोडले. आपल्याकडे मात्र २०१५चा काळ्या पैशाचा कायदा आहे: दडवलेल्या परदेशी मालमत्तेवर ३० टक्के कर, वर कराच्या तिप्पट दंड. म्हणजे शंभर दडवले तर एकशेवीस भरा. हे पक्षकाराला सांगायचं, पण फी जमा झाल्यावर.

काय म्हणता? दिंडोरीच्या वडिलोपार्जित बागेच्या वाटपासाठी सख्ख्या भावानेच तुमच्यावर दावा लावलाय? मंगळवारी अकराला सीबीएसला या. येताना सातबारा आणा. आणि पेटी नको, रोख आणा.