अर्ध्या इंचाची रायफल

आमच्या माजघराच्या भिंतीवर दोन खुंट्या आहेत आणि त्यांच्यामध्ये बंदुकीच्या आकाराचा एक पांढरा डाग. आजोबांची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची बंदूक तिथे वर्षानुवर्षं टांगलेली असायची. चुलीच्या धुराने भिंत काळवंडली, बंदुकीमागची तेवढी गोरी राहिली. वानरांना आणि रानडुकरांना भिववायला घेतलेली ती बंदूक. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर सोडवून आणायची. आजोबा तिला पोचवायला निघाले की लेक सासरी निघाल्यासारखं तोंड करत. ते गेल्यावर शेतीसंरक्षणाचा परवाना कुणी आपल्या नावावर करून घेतला नाही. बंदूक जमा झाली ती कायमचीच.

निवृत्त होऊन गावी आलो आणि रोज जेवताना तो डाग समोर येऊ लागला. तिसऱ्या महिन्यात मी जाहीर केलं की तिथे स्वतःच्या हाताने बंदूक करून लावणार. शोभेची, लाकडी, पण हुबेहूब. पेन्सिलीला टोक काढण्यापलीकडे मी आयुष्यात लाकूडकाम केलं नव्हतं, आणि टोकही बरेचदा आतल्या आत मोडायचं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी पोलीस पाटील ओटीवर हजर.

"बंदूक करतास म्हणान आयकलंय."

मी चहा पुढे करून खुलासा केला. परवान्याशिवाय बंदूक बनवणं हा गुन्हा आहे, हे मलाही ठाऊक होतं. पाटलांनी चहा बशीत ओतला, फुंकला आणि निवाडा दिला, "नळयेक आरपार भोक पडता नये. बाकी काय्येक करा." अशी माझी बंदूक जन्माआधीच भरीव ठरली.

दस्त्यासाठी फणसाची फळी मिळाली. वादळात पडलेल्या झाडाची, हळदीसारखी पिवळीधमक. नळीला सरळ, गोल, सागवानी दांडा हवा होता. तो काकूच्या पलंगाला होता. मच्छरदाणीच्या चारांपैकी एक दांडा मी दुपारी, ती झोपलेली नसताना, काढून घेतला. रात्री ती झोपायला गेली तेव्हा मच्छरदाणी तिच्या नाकावर टेकली.

"मेल्या, आता मच्छरदाणी खंय बांधू? तुझ्या डोक्याक?"

ती खिडकीच्या गजाला बांधली. अजून तिथेच बांधतो.

बंदूक करायची म्हणजे नळी करायची, असं नवशिक्याला वाटतं. खरं मरण असतं नळी दस्त्यात बसवण्यात. फळीत अर्धगोल खोबण कोरायची आणि नळी तिच्यात अशी बसली पाहिजे की मध्ये पोस्टकार्ड सरकू नये. कारागिरांची त्यासाठी एक जुनी युक्ती आहे. नळीला काजळी फासायची, खोबणीत दाबायची, उचलायची. लाकूड जिथे काळं होईल तिथे उंचवटा आहे, तेवढाच पटाशीने खरवडायचा. पुन्हा काजळी, पुन्हा दाब, पुन्हा उचल. मी समईवर वाटी धरून काजळी जमवली. पहिल्या दिवशी सगळी खोबण काळी झाली. दुसऱ्या दिवशी डावी बाजू काळी झाली, ती खरवडली तर उजवी. तिसऱ्या दिवशी खोबण जेमतेम उजळ आणि मी काळा. मधेच नाक खाजवायची सवय आहे मला. शेजारचा लहान मुलगा कुंपणावरून बघून आईला हाका मारत पळाला.

चौथ्या दिवशी सुतार आला. त्याने खोबणीतून बोट फिरवलं आणि मग माझ्या पायाशी पाहिलं. "सायबानू, लाकूड रवलां खंय? सगळो भुसोच झालो."

नळी खोबणीत बसली होती खरी, पण पाळण्यात बाळ बसावं तशी. हलवली की खुळखुळायची.

एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण मला नुसती बंदूक नको होती, रायफल हवी होती. आजोबांची नळी आतून गुळगुळीत होती, हे भाईने, म्हणजे माझ्या चुलत भावाने, मला परोपरीने सांगितलं. मी ऐकलं नाही. रायफल हे नावच मुळी नळीच्या आतल्या पिळाच्या खाचांवरून पडलंय. त्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती गरगरत जाते म्हणून ती सरळ जाते. १८५७ ला ज्या काडतुसांनी रान पेटवलं ती ज्या एनफिल्डची, ती १८५३ सालची रायफलही ठासणीचीच होती. आत तीन खाचा. तेव्हा ठरवलं, आपल्यालाही तीन. भरीव नळीच्या तोंडाशी फक्त अर्धा इंच खोल भोक पाडायचं आणि त्यात तीन खाचा पिळून कोरायच्या. पाटलांचाही शब्द राहील आणि माझीही हौस.

पहिलं भोक गिरमिटाने पाडलं ते एका अंगाला गेलं. तोंडाकडचा इंचभर भाग करवतीने कापून टाकला आणि नव्याने सुरुवात केली. दुसऱ्यांदा भोक मधोमध पडलं, पण खाच कोरताना काठ तडकला. कापा. तिसऱ्यांदा दोन खाचा सुरेख झाल्या आणि तिसरी पहिलीला जाऊन मिळाली. कापा. पुढचे हिशेब लक्षात नाहीत. भाई पूर्वी एका वकिलाकडे कारकून होता. करवत माझ्या हातात बघून तो गंभीरपणे म्हणाला, "शस्त्र कायदा १९५९, कलम ६. परवान्याशिवाय नळी आखूड करणं गुन्हा आहे." मच्छरदाणीच्या दांड्याला हे कलम लागतं का, यावर आम्ही अर्धा तास वाद घातला.

मग एका रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो. एनफिल्डच्या खाचा ७८ इंचांत एक वेढा घेत. नळीच ३९ इंचांची, म्हणजे गोळी बाहेर पडेतो पुरता अर्धा वेढा. तर माझ्या अर्ध्या इंचात पीळ किती यायला हवा? सव्वादोन अंशांच्या आसपास. सव्वादोन अंश माणसाच्या डोळ्याला दिसतच नाहीत. तीन खाचा सरळ खाली ओढल्या असत्या तरी कुणाच्या बापाला कळलं नसतं. मी दिवा मालवून झोपलो. सकाळी उठून तीन खाचा सरळ ओढल्या. दहा मिनिटांत झाल्या.

बाकीचे अवयव भराभर जमले. घोडा करवंटीचा, चाप काकूच्या छत्रीच्या तारेचा. दारू ठासायचा गज करायला वेताची छडी होती, शाळेत खाल्लेली असावी तशीच.

रंगाला कुणीतरी काजूच्या टरफलांचं तेल सुचवलं. होड्यांच्या लाकडाला लावतात, कीड लागत नाही म्हणे. लाकडाला लागली नाही. माझ्या दोन्ही हातांवर मात्र बिब्बा उतल्यासारखे टपोरे फोड आले आणि आठवडाभर काकूने मला पेज चमच्याने भरवली, प्रत्येक चमच्याला एकेक वाक्य ऐकवत. नंतर जवसाचं तेल आणलं. पातळ हात मारायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. हे वाळवण मी मिरगाच्या तोंडावर सुरू केलं. आमच्याकडे त्या दिवसांत दोरीवरचा पंचा चार दिवस वाळत नाही, तेल कसलं वाळतंय! पहिल्या हातावर मुंग्या चिकटल्या, दुसऱ्यावर पंखांचा एक किडा. तो अजून दस्त्यात आहे, नीट पाहिलं तर नक्षी वाटते.

पावसाने एक उपकार मात्र केला. घरातली दारं फुगून लागेनाशी झाली तशी खोबणही फुगली आणि खुळखुळणारी नळी गच्च बसली. सुतार खोबणीत नख घालून बघत राहिला. त्याला मी कारण सांगितलं नाही. मे महिन्यात तो आमच्याकडे फिरकणार नाही एवढं बघायचं.

बंदूक खुंट्यांवर चढवली तेव्हा पाटील, भाई, सुतार, काकू सगळे होते. पाटलांनी आधी नळीच्या तोंडात करंगळी घातली, ती अर्ध्या इंचावर अडली, तेव्हा कुठे ते हसले. पुढच्या खुंटीवर नळी जेमतेम दोन बोटं टेकली. तिच्यापुढे भिंतीवर आजोबांच्या बंदुकीचा पांढरा डाग वीतभर तसाच उरला होता.

दुसऱ्या दिवशी काकूने त्या उरलेल्या जागेत एक खिळा ठोकून आपली छत्री अडकवली. एक तार कमी असलेली.