पोदेराला ओव्हरटेक मारताना

दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी साडेसहाला गोव्यात माशेलहून बाणस्तारीच्या दिशेने गाडीने निघालो होतो. पुढे पोदेर, म्हणजे आमचा पों-पों भोंगा वाजवत दारोदार फिरणारा पाववाला, सायकलवर, कॅरियरला बांबूची पाटी, वर निळं प्लास्टिक. समोरून टेम्पो येताना दिसत होता. "बसतंय" असं मनाशी म्हटलं आणि गाडी दोघांच्या मधून घातली.

बसली. डावा आरसा तेवढा पाटीला लागला. सायकल हेलपाटली, पोदेराने पाय टेकला म्हणून तो पडला नाही, पण पन्नासेक उंडे आणि पोया रस्त्यावर. मी थांबलो, पैसे दिले. त्याने पैसे घेतले, पाव गोळा केले आणि एवढंच म्हणाला, "मात्शें रावपाक जाय आशिल्लें, सर." (जरा थांबायला हवं होतं, सर.) शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

माझी चूक नंतर लक्षात आली. मी त्याच्या हँडलकडे बघून अंदाज बांधला होता. पोदेराची पाटी हँडलपेक्षा रुंद असते, हे जन्मभर उंडे खाऊनही मला सुचलं नाही.

पुढे शुगर निघाली, डॉक्टरांनी हातपाय हलवायला सांगितलं आणि मी स्वतः सायकलवर आलो. तेव्हापासून मागून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकूनच कळतं, हा थांबणारा की घासून जाणारा.

आता थोडं गणित करू. काठाला खडी, गटार, माती असते, म्हणून सायकलवाला काठापासून अर्धा मीटर तरी आत चालतो. त्याची स्वतःची रुंदी साठेक सेंटिमीटर. त्याच्या आणि तुमच्या मध्ये दीड मीटर मोकळं हवं. तुमची गाडी आरशांसकट चांगली एक मीटर नव्वद. बेरीज साडेचार मीटर. आपल्या गावातला बरा रस्ता साडेपाच मीटरचा, म्हणजे तुमच्या वाट्याला पावणेतीन. सात मीटरचा दुपदरी रस्ता धरला तरी साडेतीनच. म्हणजे आपली बाजू न सोडता सायकलला नीट ओव्हरटेक करता येतच नाही. रिक्षाला ओव्हरटेक मारताना जसे पूर्ण पलीकडच्या बाजूला जाता, तसंच जायचं. पलीकडून काही येत असेल किंवा वळणापलीकडचं दिसत नसेल, तर मागे राहायचं. चाक अर्धं इकडे, अर्धं तिकडे ठेवून कट मारणं, हेच मुळात नको.

दीड मीटर हा आकडा मी काढलेला नाही. ज्या पोर्तुगालचा नागरी कायदा आपण गोव्यात अजून लग्नाला वापरतो, त्याच पोर्तुगालच्या वाहतूक कायद्यात २०१४ पासून तो लिहिलेला आहे. वेग कमी करा, बाजूची लेन घ्या आणि दीड मीटर सोडा, असं तिन्ही. जर्मनीत २०२० पासून शहरात दीड आणि शहराबाहेर दोन मीटर. बाहेर जास्त, कारण वेग जास्त. मोठी बस सत्तरच्या वेगाने शेजारून गेली की आधी वारा बाहेर ढकलतो आणि बसची शेपटी गेली की आत ओढतो. ज्याने हे अंगावर घेतलंय त्याला समजावून सांगावं लागत नाही.

"पण मग उशीर होतो." किती? सायकल पंधराच्या वेगाने चाललीय आणि तुम्ही दोनशे मीटर तिच्या मागे राहिलात, तर अठ्ठेचाळीस सेकंद. पंचेचाळीसने गेला असता तर सोळा. गेले बत्तीस सेकंद. तेवढा वेळ आपण बाणस्तारीच्या बाजारात बांगड्याचा भाव विचारण्यात घालवतो.

आणि मागे राहताना चिकटून हॉर्न मारू नका. दचकून माणूस उजवीकडे वळून बघतो, आणि मान जिकडे वळते तिकडे सायकलही सरकते. तुम्ही तिला तुमच्याच गाडीखाली बोलावत असता. पुढची गाडी गेली म्हणून तिच्या शेपटीला धरून जाणाऱ्यांचंही तेच. पुढच्याला रस्ता दिसत होता, तुम्हाला फक्त त्याची डिकी दिसत होती.

मला सर्वात जास्त भीती मात्र ओव्हरटेक झाल्यानंतरच्या दोन सेकंदांची वाटते. खाजगी बस मला मागे टाकते आणि तीस पावलांवर थांब्यासाठी डावीकडे दाबते. मी ब्रेक लावून गटारात. सायकल अख्खी आरशात दिसेपर्यंत डावीकडे येऊ नये, आणि पुढे लगेच थांबायचं किंवा डावीकडे वळायचं असेल तर ओव्हरटेक करूच नये. मागे राहून थांबलात तर पॅसेंजर पळून जात नाहीत. (पार्क केलेल्या गाडीचं दार ड्रायव्हरने डाव्या हाताने उघडावं. अंग आपोआप वळतं आणि मागचं दिसतं. फुकटची सवय आहे.)

आता कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच लिहितो: सायकलवाले पण कमी नाहीत. मान्य. पहाटे अंधारात मागे साधा लाल दिवा नसतो. रविवारी रायबंदरच्या बांधावर, म्हणजे पोर्तुगीजांनी १६३४ च्या सुमारास बांधलेल्या त्या तीनेक किलोमीटरच्या अरुंद रस्त्यावर, आमच्यातलेच काही भारी कपडे घालून तिघे-तिघे गप्पा मारत जातात. त्यांना मीही ओरडलोय. पण "हा मध्येच का आला" असं वाटलं तर पुढचा खड्डा बघा. पावसात पाण्याखाली काय आहे ते आम्हाला दिसत नाही, म्हणून डबकं टाळावंच लागतं. गाडीचं एक चाक आपटतं, आमचं तोंड आपटतं.

चढावर तर सायकल सरळ चालतच नाही. वेग गेला की ती डोलते. परवा सावईवेऱ्याच्या वाटेवर असाच डोलत चढत होतो. मागून चिऱ्यांनी भरलेला ट्रक आला. चढावर भरलेला ट्रक हळू करणं म्हणजे ड्रायव्हरच्या पोटात गोळा, मला ठाऊक आहे. तरी तो पहिल्या गिअरवर घुरघुरत मागे राहिला, वळण संपेपर्यंत, हॉर्न न मारता. वर सपाटी आल्यावर पूर्ण उजवीकडून गेला. मी हात केला. त्याने पुढे गेल्यावर एकदाच, हलका "पों" केला, अगदी पोदेरासारखा.